गिटार घडताना

मुलांनो, सुट्टीत तुम्ही काय करता? कोणी मामाच्या गावी जाते. कोणी विहिरीत पोहायला शिकते. कोणी आजीजवळ बसून कुरडया-पापड घालू लागते. आज आपण एका निराळ्या सुट्टीला जाऊ या. मनानेच जायचे आहे. त्यामुळे तिकीट नको, सामान नको. डोळे आणि कान मात्र उघडे ठेवा. आज कानांना काम जास्त आहे.

समजा, तुमचे बाबा कतार देशात नोकरी करतात आणि तुम्ही तेथल्या एका भारतीय शाळेत शिकता. नकाशा उघडा. मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून पश्चिमेकडे गेलात, की एक आखात लागते. त्या आखातात अंगठ्यासारखा वर आलेला जमिनीचा एक तुकडा दिसेल. तोच कतार. त्याच्या तीन बाजूंना समुद्र आणि एका बाजूला सौदी अरेबिया आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेअकरा हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे हा देश आपल्या सोलापूर जिल्ह्याहूनही लहान आहे. दोहा ही त्याची राजधानी. तेथील घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा अडीच तास मागे असते.

कतारमध्ये नदी नाही, जंगल नाही. जुलै महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. शाळेला मोठी सुट्टी असते ती याच दिवसांत. एरवी या सुट्टीत तुम्ही वाईला आजीकडे जाता. या वर्षी मात्र जाता येणार नाही. आजी फोनवर म्हणते, "नाही आलात तरी चालेल, पण सुट्टी वाया घालवू नका. नवीन काहीतरी शिका आणि मला दाखवा."

आजीला काय दाखवावे बरे? आजी भजन म्हणते. तिच्या घरात कोपऱ्यात तंबोरा उभा असतो. तिचा कान मोठा तिखट. सूर केसभर हलला, तरी तिला कळतो.

अशा वेळी कळते, की घराजवळच्या एका सभागृहात दहा दिवसांची कार्यशाळा आहे. तेथे मुलांना विजेवर वाजणारी गिटार तयार करायला शिकवणार आहेत. वाजवायला नव्हे, तयार करायला! तुम्ही लगेच नाव नोंदवता.

लाकूड कोठून आले?

पहिल्या दिवशी दहा मुले जमतात. कोणी केरळचे, कोणी फिलिपिन्सचे, तर एक मुलगी कतारचीच आहे. शिकवणारे गृहस्थ पांढऱ्या दाढीचे आहेत. ते मराठी बोलतात, हे पाहून तुम्हांला आनंद होतो. ते मिरजेचे आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

चाचा प्रत्येकाच्या हातात एकेक लाकडी फळी देतात. गिटारच्या अंगाच्या आकारात ती आधीच यंत्रावर कापलेली आहे. ते म्हणतात, "आधी हिला बोटाने वाजवून पाहा. कान लावून ऐका."

तुम्ही टकटक करता. फळीतून घट्ट, छोटा आवाज येतो. तुम्हांला आजीचा तंबोरा आठवतो. त्याचा भोपळा पोकळ असतो. तार छेडली, की भोपळ्यातील हवा घुमते आणि आवाज मोठा होतो. पण ही फळी तर भरीव आहे! हिच्यातून आवाज कसा घुमणार?

चाचा हसतात. "चांगला प्रश्न आहे. तो जपून ठेव. उत्तर पाच दिवसांनी मिळेल."

केरळचा मुलगा विचारतो, "चाचा, कतारमध्ये झाडे नाहीत. मग हे लाकूड कोठले?"

"बाहेरचे," चाचा सांगतात. "येथे लाकूड नेहमी समुद्रावरूनच आले. तेल सापडण्याआधी येथील लोक समुद्राच्या तळातून मोती काढत. उन्हाळ्याचे चार महिने त्यांच्या होड्या समुद्रात असत. त्या होड्यांसाठी सागवान येई ते तुझ्या मलबारच्या किनाऱ्यावरून. काढलेले मोती विकायला जात ते मुंबईला. १९६६ सालापर्यंत येथे रुपयाच चालत होता."

आता कतारच्या मुलीला राहवत नाही. ती म्हणते, "माझे पणजोबा मोत्यांच्या होडीवर होते. होडीवर गाणे म्हणणारा एक माणूस असे. त्याला नहाम म्हणत. तो गाई आणि त्या तालावर सगळे वल्ही मारत, दोर ओढत. माझा दादा ऊद वाजवतो. येथे दोह्यात २०११ साली कतार म्युझिक अकॅडमी नावाची संगीतशाळा सुरू झाली. तेथे तो शिकतो."

ऊद हे अरबी तंतुवाद्य आहे. ते अर्ध्या कापलेल्या पेरूसारखे दिसते. चाचा सांगतात, की 'ऊद' या अरबी शब्दाचा अर्थच लाकूड असा आहे. जेथे लाकूड उगवत नाही, तेथेही लाकूड गाते. कारण माणसाला गाण्यावाचून राहवत नाही.

मिरजेचे हात

पुढचे दोन दिवस फळी घासण्याचे काम चालते. आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग अगदी मऊ. नाकावर फडके बांधायचे, म्हणजे भुसा नाकात जात नाही. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने असतील, त्याच दिशेने हात फिरवायचा. आडवा हात फिरवला, तर ओरखडे उठतात. ते लगेच दिसत नाहीत. पण तेल लावले, की स्पष्ट दिसतात.

तिसऱ्या दिवशी हात दुखू लागतात. तुम्ही कुरकुरता, "चाचा, आणखी किती घासायचे?"

चाचा म्हणतात, "मिरजेत माझ्या घरी तंबोरे करतात. पंढरपूर, मंगळवेढा या भागांतून भोपळे येतात. भोपळा वाळवायचा, कापायचा, भिजवून त्याचे तोंड मोठे करायचे, पुन्हा वाळवायचा. मग लाकडी दांडी जोडायची. एक तंबोरा पुरा व्हायला कित्येक दिवस लागतात. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे. फरीदसाहेब हे तेथील पहिल्या नामवंत कारागिरांपैकी एक. ते शिकलगार होते. शिकलगार म्हणजे कोण, माहीत आहे?"

तुम्हांला माहीत नसते.

"तलवारी, सुऱ्या यांना धार लावणारा तो शिकलगार. लढाया संपल्या, तलवारींचे काम कमी झाले. मग त्या हातांनी वाद्ये घडवायला घेतली. मिरज संस्थानच्या राजांनी त्यांना आश्रय दिला. आता भारतभरचे गायक मिरजेचा तंबोरा घेतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे, ही वस्तू या गावची, अशी सरकारी नोंद झाली. पण कागद मिळाला म्हणून हात शिकत नाहीत. हात शिकतात घासून घासून."

तुम्ही पुन्हा पॉलिश पेपर उचलता. संध्याकाळी फळीवरून हात फिरवला, तर ती आरशासारखी गुळगुळीत लागते.

पडद्यांचे गणित

चौथ्या दिवशी दांडी जोडायची असते. दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या आहेत. चाचा त्यांना सतारीप्रमाणे पडदे म्हणतात. दांडीच्या वरच्या टोकाला खुंट्या आहेत. त्या पिळून तारा ताणायच्या. खुंट्यांच्या खाली एक लहान पट्टी आहे. तारा तिच्यावरून निघतात आणि खाली अंगावर बसवलेल्या घोडीवर टेकतात. या पट्टीपासून घोडीपर्यंतचा तारेचा भाग वाजतो. तुमच्या गिटारमध्ये ही लांबी ६४.८ सेंटिमीटर असायला हवी.

"पडदे नीट पाहा," चाचा म्हणतात. "काही दिसते?"

तुम्ही मोजता. पहिला पडदा वरच्या पट्टीपासून सुमारे ३.६ सेंटिमीटर दूर आहे. दुसरा त्याच्यापासून सुमारे ३.४. पुढे पुढे अंतर कमी होत जाते.

"आता बारावा पडदा मोज."

तो पट्टीपासून बरोबर ३२.४ सेंटिमीटरवर आहे. ६४.८ च्या निम्मे! तुम्ही आश्चर्याने पाहत राहता.

चाचा समजावून सांगतात. मोकळी तार छेडली आणि त्या सुराला 'सा' मानले, तर तार बरोबर मध्यावर दाबल्यावर वरचा 'सा' मिळतो. तार निम्मी केली, की तिची कंपने दुप्पट होतात. गिटारची सर्वांत जाड तार एका सेकंदात सुमारे ८२ वेळा थरथरते. बाराव्या पडद्यावर दाबली, तर सुमारे १६४ वेळा. म्हणून बारावा पडदा मध्यावर हवा. पडदे दांडीवर पक्के बसवलेले आहेत; ते हलणार नाहीत. मध्य बरोबर येणे आता एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. घोडी कोठे बसवली, यावर!

एक छोटे उत्तर

पाचव्या दिवशी घोडी बसवायची आहे. प्रत्येकाने टेपने मोजून फळीवर पेन्सिलने खूण करायची आणि चाचांनी त्या खुणेवर यंत्राने भोके पाडायची.

टेपचे टोक झिजलेले आहे. चाचा सर्वांना बजावतात, "टोकापासून मोजू नका. एक सेंटिमीटरची रेघ पट्टीवर धरा आणि तिथून मोजा. मग खूण ६४.८ वर नाही, तर ६५.८ वर करायची. विसरू नका. आणि दोनदा मोजा. भोक एकदाच पडते."

तुमची पाळी येते. मागे मुले रांगेत उभी आहेत. तुम्ही टेप लावता, खूण करता.

"दोनदा मोजले ना?" चाचा विचारतात.

तुम्ही एकदाच मोजलेले असते. पण पुन्हा मोजायचा कंटाळा येतो. "हो," तुम्ही म्हणता.

यंत्र घरघरते. भोके पडतात. घोडी स्क्रूने घट्ट बसते. छान दिसते!

वीज काय करते?

सहाव्या दिवशी तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. चाचा एक काळी डबी दाखवतात. तिला पिकअप म्हणतात. तिच्या आत लोहचुंबक आहे आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे आहेत. गिटारची तार या डबीच्या वरून जाते.

मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली एक शोध लावला. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला, की वेटोळ्यात वीज वाहू लागते. गिटारमध्ये चुंबक जागचा हलत नाही. हलते ती पोलादी तार. ती थरथरली, की चुंबकाचा आजूबाजूचा प्रभावही तसाच थरथरतो आणि वेढ्यांत अगदी थोडी वीज निर्माण होते. तार सेकंदाला ८२ वेळा हलली, तर वीजही ८२ वेळा हलते. ही वीज ॲम्प्लिफायरमध्ये जाते. तेथे ती मोठी होते आणि मग कर्ण्यातून आवाज येतो. म्हणून या गिटारला पोकळ पोट लागत नाही.

"आणि तार पितळेची लावली तर?" तुम्ही विचारता. तंबोऱ्याची खर्जाची तार पितळेची असते, हे तुम्हांला ठाऊक आहे.

"तर गिटार मुकी," चाचा म्हणतात. "चुंबक पितळेला ओळखत नाही."

अशी गिटार प्रथम १९३१-३२ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाली. जॉर्ज बोशां यांनी तिची रचना केली. तिचे अंग अल्युमिनियमचे, गोल आणि लहान होते. लोक गमतीने तिला 'तळणीचा तवा' म्हणत. पुढे १९५० साली लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाची गिटार विक्रीला आणली. ते रेडिओ दुरुस्त करत. गंमत अशी, की त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! घडवणारे हात निराळे असू शकतात. पण त्यांना ऐकणारे कान हवेतच.

चाचा डाख लावून तारा जोडतात. तुम्ही चिमट्याने तारा धरता. डाख लावण्याची कांडी फार तापते, म्हणून ती मोठ्या माणसाच्याच हातात असते.

वरचा 'सा' लागेना

आठव्या दिवशी तारा चढतात. तुम्ही ॲम्प्लिफायर सुरू करता आणि मोकळी तार छेडता. केवढा मोठा, गोल, सुंदर सूर! सगळे टाळ्या वाजवतात.

मग तुम्ही बाराव्या पडद्यावर तार दाबून छेडता. वरचा 'सा' यायला हवा. पण काहीतरी खटकते. सूर चढा लागतो. तुम्ही खुंटी पिळून पाहता. मोकळी तार बिघडते. ती पुन्हा जुळवली, की वरचा 'सा' पुन्हा चढा.

कोणाच्या लक्षात आले नाही. मुले आपापल्या कामात आहेत. आवाज थोडा कमी केला, तर कदाचित कळणारही नाही. दोनच दिवस उरले आहेत. तुमच्या मनात येते, 'राहू दे. आजीला फक्त मोकळी तार ऐकवू.'

तुम्ही टेप आणता आणि हळूच मोजता. पट्टीपासून घोडीपर्यंत ६३.८ सेंटिमीटर! एक सेंटिमीटर कमी. झिजलेल्या टोकाचा तो एक सेंटिमीटर मिळवायचा राहिला होता. घोडी पुढे आली. त्यामुळे तारेचा मध्यही पुढे सरकला. बारावा पडदा मात्र होता तेथेच राहिला.

तुम्ही बराच वेळ गिटार मांडीवर घेऊन बसता. शेवटी उठता आणि चाचांकडे जाता.

"चाचा, मी दोनदा मोजले नव्हते. 'हो' म्हटले ते खोटे होते."

चाचा गिटार घेतात, मोजतात, वाजवतात. घोडीवरचे बारीक स्क्रू फिरवून पाहतात. "स्क्रू दोन-चार मिलिमीटरची चूक सांभाळतो, दहाची नाही," ते म्हणतात. क्षणभर गप्प राहून ते पुढे म्हणतात, "मीही नुसते विचारून थांबलो. टेप लावून पाहायला हवा होता. निम्मी चूक माझी. पण एक लक्षात ठेव. वीज सूर मोठा करते, तशी चूकही मोठी करते. सूर लपत नाही."

"आता नवी फळी घ्यावी लागेल?"

"कशाला? बस येथे. एक खरी गोष्ट सांगतो."

काडेपेटीच्या काड्या

"१९६३ सालची गोष्ट. लंडनजवळ ब्रायन मे नावाचा सोळा वर्षांचा मुलगा राहत होता. त्याला विजेची गिटार हवी होती. दुकानातल्या गिटारची किंमत घरच्यांना परवडण्यासारखी नव्हती. त्याचे वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. बापलेकांनी ठरवले, की आपणच गिटार करायची.

"दांडीसाठी लाकूड मिळाले ते जुन्या घरातल्या शेकोटीच्या चौकटीचे. महोगनीचे, शंभर वर्षांहून जुने. त्याला किड्यांनी भोके पाडली होती. मग त्याने काय केले असेल? काडेपेटीच्या काड्या घातल्या आणि भोके बुजवली! स्प्रिंगा घेतल्या जुन्या मोटारसायकलच्या. दांडीवर खुणांसाठी शिंपल्याची बटणे लावली. ती आईच्या शिवणाच्या डब्यातली. सुमारे दोन वर्षे हे काम चालले. त्या गिटारचे नाव रेड स्पेशल."

"आणि ती वाजली?"

"वाजली? अरे, अजून वाजते आहे! पुढे ब्रायन मे 'क्वीन' या जगप्रसिद्ध वाद्यवृंदात ती वाजवू लागला. २००२ साली त्याने लंडनच्या राजवाड्याच्या छतावर उभे राहून तीच गिटार वाजवली. त्याने ताऱ्यांचा आणि ग्रहांचा अभ्यासही केला. अवकाशातील धुळीवर संशोधन करून २००७ साली डॉक्टरेट मिळवली. आणि त्याच्या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी कोठे शिकला, ठाऊक आहे? पाचगणीला! सेंट पीटर्स शाळेत."

पाचगणी! वाईहून पसरणीचा घाट चढला, की पाचगणी. आजीच्या घरापासून अगदी जवळ. तुम्हांला एकदम हुरूप येतो.

मग काम सुरू होते. घोडी काढायची. चुकलेल्या भोकांत लाकडाच्या गोल काड्या गोंद लावून ठोकायच्या. रात्रभर वाळू द्यायच्या. दुसऱ्या दिवशी वर आलेली टोके कापायची आणि पुन्हा घासायचे. आधी खरखरीत, मग बारीक, मग मऊ. मग टेप लावायचा. एकदा मोजले. ६५.८ वर खूण. दुसऱ्यांदा मोजले. तेथेच. आता चाचा टेप घेतात आणि स्वतः मोजतात. तेथेच. यंत्र घरघरते.

लाकडावर दोन गोल ठिपके मात्र राहतात. बाकीचे घोडीखाली झाकले जातात. हे दोन झाकत नाहीत.

वाईला फोन

दहाव्या दिवशी दोह्यात साडेचार वाजले आहेत. म्हणजे वाईत संध्याकाळचे सात. आजीने नुकताच देवाजवळ दिवा लावला असेल. तुम्ही फोन लावता. फोनच्या पडद्यावर आजीचा चेहरा दिसतो.

"अगंबाई! हे काय आणलेस?"

"आणले नाही, आजी. केले आहे."

तुम्ही मोकळी तार छेडता. आजी डोळे मिटते. सूर लांबत लांबत विरतो. मग तुम्ही बाराव्या पडद्यावर बोट ठेवता. छातीत धडधडते. तुम्ही तार छेडता.

आजी काही बोलत नाही. ती हळूच वरचा 'सा' गुणगुणू लागते. तिचा सूर आणि तुमच्या तारेचा सूर एकमेकांत मिसळून जातात. कोणता कोणाचा, ते कळत नाही.

"लागला," आजी म्हणते. मग ती चष्मा नीट करून जवळून पाहते. "ते दोन ठिपके कसले गं लाकडावर? की डिझाइन आहे?"

"डिझाइन नाही, आजी," तुम्ही सांगता. आणि सारी हकीकत सांगता. एकदाच मोजल्याचीसुद्धा.

आजी सगळे ऐकून घेते. "असू देत ते ठिपके," ती म्हणते. "पुढच्या सुट्टीत घेऊन या तुमची गिटार. माझ्या तंबोऱ्याशेजारी ठेवू. त्यालाही एकदा भोपळ्यात चीर गेली होती. मिरजेला नेऊन जोडून आणला. तेव्हापासून त्याच्यावरच तर गाते आहे!"

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कतारची राजधानी कोणती?
(आ) 'ऊद' या शब्दाचा अर्थ काय?
(इ) शिकलगार कोणते काम करत?
(ई) गिटारच्या बाराव्या पडद्यावर कोणता सूर मिळतो?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) विजेच्या गिटारला पोकळ पोट लागत नाही.
(आ) गिटारला पितळेची तार लावून चालत नाही.
(इ) वरचा 'सा' चढा लागला.

प्र. ३. 'वीज सूर मोठा करते, तशी चूकही मोठी करते.' असे चाचा का म्हणाले? चार-पाच वाक्यांत लिहा.

प्र. ४. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा.
चिटपाखरू न दिसणे, कान तिखट असणे, हुरूप येणे, राहवत नसणे.

प्र. ५. विचार करा व सांगा.
चाचांनी 'निम्मी चूक माझी' असे म्हटले. तुम्हांला ते पटते का?

उपक्रम : एक रिकामा डबा घ्या व त्यावर रबरबँड ताणून बसवा. रबरबँडच्या दोन्ही टोकांखाली एकेक पेन्सिल सरकवा. मधला भाग छेडा व ऐका. आता रबर बरोबर मध्यावर बोटाने दाबून छेडा. दोन सुरांत काय फरक पडला? दोन पेन्सिलींमधले अंतर मोजा आणि तुमचे बोट खरोखर मध्यावर होते का, ते पडताळून पाहा. दोनदा मोजा!